वासावरचं मीठ

लग्न होऊन मी बडोद्याला निघाले तेव्हा आई मला पोचवायला कोल्हापूरच्या स्टेशनपर्यंत आली होती. साल पासष्ट-सहासष्ट असेल. फलाटावर बाकीच्या बायका लेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आईनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, बाकड्यावर बसली, एकेका डब्याचं झाकण उघडून नाकाशी नेलं आणि परत घट्ट लावलं. मग ती जावयाकडे वळली. लग्नाला पंधरवडा होऊन गेला होता तरी ती त्यांच्याशी अजून धड बोलली नव्हती.

"पावणं, झुणका आज रातीच संपवा. उद्याला त्याला वास मारंल. दशम्या उद्या दुपारपतूर ऱ्हातील. आणि खराब झाल्यालं हिला खाऊ देऊ नका. टाकवत न्हाय म्हणून ही खाती."

ह्यांनी मान डोलावली. गाडी सुटायच्या बेताला आईनं खिडकीतून हात घालून माझं डोकं ओढलं आणि केसांचा वास घेतला. "चुलीचा धूर हाय अजून. जाईल म्हैन्या-दोन म्हैन्यात," एवढंच म्हणाली. मी मिरजेपर्यंत रडत होते. त्यातलं थोडं रडू रागाचं होतं. लेक चालली तरी बाईचं लक्ष झुणक्यात, असं मला वाटत होतं.

पण तिचा स्वभावच तसा होता. ती जगाकडे नाकानं बघायची. दूध नासणार हे तिला ते चुलीवर चढवायच्या आधी कळे. पोराच्या कपाळाला हात न लावता, नुसतं जवळ घेऊन, "ह्याला कणकण हाय" असं सांगे. माझा थोरला भाऊ, दादा, बिडी ओढून वर पेरूचा पाला चावून आला तरी त्याची धडगत नसे. शेजारपाजारच्या बायका तूप विकत घ्यायच्या आधी तिला हुंगायला आणून दाखवत, आणि ती नाक न मुरडता नुसतं 'घ्या' किंवा 'नका घेऊ' म्हणे.

या नाकावर आमच्या घराचा मान उभा होता. आमचं गाव कोडोलीच्या अलीकडे. चैत्रात गावदेवीची यात्रा भरते आणि पहिला निवद, म्हणजे नैवेद्य, आमच्या घरचा असतो. पुरणपोळी, भात, कुरडई, भजी आणि कटाची आमटी. पुरणाची डाळ शिजली की तिचं पाणी काढायचं, तो कट. त्यात चिंच, भाजलेलं खोबरं आणि घरची चटणी घालून आमटी करायची. देवीला दाखवेपर्यंत यातलं काहीही जिभेला लावायचं नाही. लावलं की सगळं उष्टं. आणि निवद देवळात गेला की लगेच त्याच हंड्यातली आमटी पंगतीला वाढायची. पंगतीला आजूबाजूच्या गावांचे पाहुणे, लेकी-जावई, व्याही, आणि न बोलावता आलेले वेगळेच. म्हणजे चव बघायची सोय नाही आणि चुकलं तर दुरुस्तीला वेळ नाही.

आई मीठ वासावर बघायची. एका हातानं पदर मागे धरून ती हंड्यावर वाकायची, डोळे मिटून वाफ घ्यायची आणि म्हणायची, "अजून मागतोय." मूठभर मीठ टाकायची, ढवळायची, परत वाकायची. "आता बसला." त्यानंतर हंड्याला कुणी हात लावायचा नाही.

मी दहा-बारा वर्षांची झाल्यावर तिनं मलाही हंड्यावर वाकवलं. पहिल्या वर्षी मला नुसता ठसका लागला आणि मी शिंकत बाहेर पळाले. पुढच्या दोन-तीन यात्रांत मात्र हळूहळू कळायला लागलं. मीठ पडायच्या आधी कटाला ओल्या पोत्यासारखा वास असतो. मीठ पुरेसं पडलं की तो वास खाली बसतो आणि चिंच-खोबरं एकदम वर येतं. एका यात्रेला मी तिच्या आधी "बसला" म्हणाले. आईनं वाकून खात्री केली आणि शेजारणीला म्हणाली, "हिला नाक हाय." एवढं कौतुक तिनं माझं परत कधी केलं नाही. पण नाक असून उपयोग काय? मी लेक. हंडा शेवटी सुनेकडे जायचा.

बडोद्याला आमची खोली कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये होती. वारा आमच्या बाजूला फिरला की हवेत दवाखान्यासारखा वास यायचा. पहिले काही महिने माझं डोकं ठणकायचं. मग तो वास येईनासा झाला. मला वाटलं, कारखान्यानं काही सुधारणा केली असेल. माहेरून दादा आला, दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला, तेव्हा समजलं की सुधारणा माझ्याच नाकात झाली होती.

शेजारच्या कोकिलाबेन जीवाला जीव देणारी बाई. पहिल्याच आठवड्यात वाटीभर डाळ घेऊन आल्या. मी एक घोट घेतला आणि त्यांची पाठ वळल्यावर उरलेली मोरीत ओतली. आमटीत गूळ घालणाऱ्या माणसांत आपण जन्म काढायचा, या विचारानं मला त्या दिवशी खरंच पोरकं वाटलं. पण जन्म काढता येतो. ह्यांना पित्ताचा त्रास सुरू झाला, म्हणून चटणी निम्मी केली. मुलं झाली, शाळेत जायला लागली, शेजारी जेवायला लागली. आमटीत गुळाचा खडा पडायला लागला, आणि वर्षावर्षानं तो मोठा होत गेला. मला कुणी जबरदस्ती केली नाही. एकदा मी हौसेनं आईच्या पद्धतीनं आमटी केली, तर मुलगा ताट सरकवून म्हणाला, "मम्मी, बहु तीखुं छे." मी एक घास घेऊन बघितला आणि मनात म्हणाले, खरंच की.

बाहेर पडलेली आम्ही माणसं गावाचं नाव निघालं की लगेच खाण्यावर येतो. बडोद्याच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात कोण कुठली, हे चटणीवरून ठरायचं. मी कोल्हापूरची म्हणून सगळ्यांत तिखट खाणारी मीच, असा माझा दरारा होता आणि मी तो सांभाळला. घरी काय शिजतं ते कोण बघायला येतंय? आणि गावात राहिलेले तुम्ही लोक, तुम्हाला वाटतं की आम्ही तिकडे गेलो ते मजेत, यात्रेपुरते येतो ते पाहुणचार घ्यायला. ते सगळंच खोटं नाही. पण दर चैत्रात एसटीतून उतरताना माझा पाय पायरीवर अडायचा. आपल्याला अजून हे घर ओळखेल ना, अशी काहीतरी ती भीती होती.

आईचं नाक कधी गेलं ते आम्हाला कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका यात्रेला मी घरी असताना चुलीवर दूध करपलं. मागच्या परड्यात मला वास आला. आत धावत आले तर आई चुलीपुढेच बसून लसूण सोलत होती. आम्ही म्हटलं, डुलकी लागली असेल. रोजच्या जेवणात मीठ वाढायला लागलं. दादा वारणानगरला कारखान्यावर नोकरीला होता. तो दमून यायचा, पाणी पीत पीत मुकाट्यानं जेवायचा. सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, गडमुडशिंगीची, मोजकं बोलणारी. ती आईची पाठ वळली की कालवणात तांब्याभर पाणी घालायची.

आईचं स्वतःचं म्हणणं वेगळंच होतं. "आताच्या कांद्याला वासच न्हाय. खतावर पिकतंय सगळं." चिंच पहिल्यासारखी नाही, लसणाला उग्रपणा नाही, हायब्रीड ज्वारीची भाकरी म्हणजे लाकडाचा भुसा. गावातली सगळीच म्हातारी माणसं त्या दिवसांत असं म्हणायची, आणि त्यात तथ्यही होतं, म्हणून आम्ही माना डोलवल्या. तिचा बोलण्यातला कडवटपणा वाढत गेला तसं आम्ही म्हटलं, वयानं माणूस चिडचिडं होतं.

तिच्या डोळ्यांचं तसं लपून राहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा अर्धं गाव केळी घेऊन बघायला आलं. दात पडले तेव्हा दादानं कवळी करून आणली. गुडघ्यांना तेल चोळायला नातवंडं होती. डोळा, दात, गुडघा यांचं दुखणं लोकांना दिसतं, त्याची चौकशी होते. नाक गेलं हे कुणाला सांगणार? आणि आईनं सांगायचं म्हणजे तर, जमिनीच्या मालकानं जमीन गेली म्हणून सांगण्यातला प्रकार. म्हणून ती अंदाजानं चालवत राहिली. हाताच्या मुठीला मिठाचं माप ठाऊक होतं, त्यावर दोन-तीन यात्रा निभावल्या.

ऐंशीच्या पुढची एक यात्रा. वहिनी आणि भावकीतल्या बायका बाहेर सोप्यात पोळ्या लाटत होत्या. देवळाकडून ढोल वाजायला लागला होता. आईनं मला आत बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. हंडा उकळत होता.

"वास घे. मीठ हाय का सांग."

मला क्षणभर आनंदच झाला, हे लिहायला हरकत नाही. इतक्या वर्षांनी तिनं मला हंड्यापाशी बोलावलं होतं. मी पदर मागे धरून वाकले, डोळे मिटले. चटणीची वाफ नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला. परत वाकले. झणझणीत असं काहीतरी आहे, यापलीकडे मला काही समजेना. ओलं पोतं नाही, चिंच नाही, खोबरं नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मला न्हाय कळत, आई."

"तुला नाक हुतं की."

आईनं डाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. म्हणाली, "मी मीठ घाटलंय का न्हाय, ते ध्यानात न्हाय. वास तर चार-पाच वरसं झाली, येतच न्हाय." तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. चार-पाच वर्षं. म्हणजे कांद्याला, चिंचेला, ज्वारीला शिव्या घालताना तिला सगळं ठाऊक होतं.

मग तिनं जे केलं ते मी त्या घरात कधी बघितलं नव्हतं. डावात आमटी घेतली, फुंकली आणि ओठाला लावली. निवद जायच्या आधी. तिनं जीभ टाळूला लावली, थांबली, पुन्हा एक घोट घेतला. शेवटी मिठाच्या बरणीतली चिमूट थेट जिभेवर ठेवली आणि पाटावर बसली. डोळे कोरडे होते.

"काय बी कळंना," ती म्हणाली. "खारट हाय म्हणायचं, का न्हाय म्हणायचं."

मी म्हटलं, कुणाला सांगायला नको. मी सोप्यातून वहिनीला काहीतरी निमित्त काढून आत आणते, ती वास घेऊन बघेल, आणि दारामागचं दारामागं राहील. आईनं माझ्याकडे रोखून बघितलं. "देवीला उष्टं दावायचं व्हय?" असं म्हणून ती उठली, दार सताड उघडलं आणि सोप्यातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुमन, आत ये. आमटी उष्टी केली मी."

लाटणी थांबली. वहिनी हात झटकत आत आली. तिनं काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. मागं काढून ठेवलेला थोडा कट शिल्लक होता. तो पातेल्यात चढवला, वाटण घातलं, मीठ टाकलं, पदर मागे धरला आणि वाकली. मी तिला वाकताना बघितलं आणि मला समजलं की ही बाई हे गेली कित्येक वर्षं करते आहे. आईच्या मागं उभी राहून, न बोलता, न शिकवता शिकली. "बसला," ती म्हणाली. तोच शब्द, तसाच. मला तिचा इतका राग आला, की आजही तो राग आठवला की माझं मलाच ओशाळल्यासारखं होतं. तिनं काही वाईट केलं नव्हतं. ती घरी होती एवढंच.

हंड्यातली आमटी आता उष्टीच होती, म्हणून तिनं ती चाखली. तिचं तोंड वाकडं झालं. मीठ दोनदा पडलं होतं. तिनं उकळतं पाणी ओतलं, कणकेचे गोळे सोडले, चिंच वाढवली. निवद थोडा उशिरा पण देवळात गेला. पंगत बसली. आई सोप्यात खांबाला टेकून बसली होती. दादाचे एक वयस्क व्याही आमटीचा भुरका मारून तिला म्हणाले, "काकू, हात तसाच हाय बगा तुमचा."

"माझा न्हाय, सुनंचा हाय," आई म्हणाली. "माझा गेला." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीनं बोलते आहे.

त्या दिवसानंतर आई रांधायला चुलीपुढे बसली नाही. दादा तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे नाकाबरोबर जीभही जाते कधी कधी, याला औषध नाही. आईनं त्यांना विचारलं, "डोळ्याला भिंग हाय, कानाला यंत्र हाय आणि ह्याला काय बी न्हाय व्हय?" डॉक्टर हसले म्हणे. ती हसली नाही. घरी आल्यावर तिचं जेवण अर्ध्यावर आलं. भाकरी, भात, पुरण, सगळं एकाच मातीचं, असं ती म्हणे. घास तोंडात घोळवत बसायची आणि मधेच ताट सरकवायची. अंगावरची चोळी दोनदा आत शिवावी लागली.

पुढच्या यात्रेला मी गेले तेव्हा ती मला एकदम लहान दिसली. मी वाकून नमस्कार केला, तिनं पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "बडोद्यात उन्हाळा लई हाय का?" बाकी काही नाही. मी आल्याची खूण तिला आता नुसती डोळ्यांनी पटवून घ्यावी लागत होती, आणि ऑपरेशन होऊनही ते डोळे काही फार चांगले नव्हते. मला वाटत आलं होतं की घर म्हणजे ते गाव, तो सोपा, ते परडं. ते सगळं जागेवर होतं. उलट दादानं फरशी बसवली होती, नळ आणला होता. तरी मला तिथं हात-पाय कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मी इतकी वर्षं ज्या घरी यायची ते आईच्या नाकात होतं. तिला वास येत होता तोवर आम्ही कोण, कुठून आलो, काय खाल्लं, कशानं आजारी पडलो, हे तिथं कुणीतरी ओळखत होतं.

यात्रा उरकली, पाहुणे पांगले. दुपारी आम्ही तिघी चुलीपाशी जेवायला बसलो. मी, आई आणि भाकऱ्या थापणारी वहिनी. ताटात उरलेली कटाची आमटी होती. दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरते. आईनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि माझ्याकडे वळली.

"कशी झालीया, सांग की."

मला आधी समजलं नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, आत्तीस्नी सांगावं लागतंय. सांगितलं की चार घास जास्त जात्यात." म्हणजे वर्षभर हे असं चाललं होतं. रोज दोन वेळा ही बाई भाकऱ्या थापता थापता सासूला तिच्या ताटातलं सांगत होती, आणि त्यावर आई जगली होती.

मी घास घेतला. मला सांगायचं होतं, जीव तोडून सांगायचं होतं. जीभ भाजली, कानशिलं तापली, नाकातून पाणी आलं.

"तिखट हाय," मी म्हणाले.

"तिखट माझं मलाबी कळतंय. तेवढंच ऱ्हायलंय," आई म्हणाली. "म्होरलं सांग."

मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. म्होरलं मला काही सापडेना. आई हातात तुकडा धरून थांबली होती. शेवटी वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि तिकडे बघतच सांगायला लागली, "कट दाट हाय आज, आत्ती. खोबरं जरा जादा भाजलंय, पण करपलं न्हाय, खरपूस हाय. चिच जुनी हाय, म्हणून आंबट उशिरा लागतंय, गिळल्यावर. लसूण आपल्या परड्यातला हाय, तो मागं ऱ्हातोय, घशापाशी."

आईनं मान हलवली आणि घास गिळला. दुसरा बुडवला. मीही तिच्याबरोबर घास घेतला आणि वहिनी सांगत होती तिथं तिथं जीभ नेऊन बघितली. खोबऱ्यापाशी काही लागलं नाही. चिंचेपाशीही नाही. वहिनी बोलत राहिली आणि आम्ही मायलेकी शेजारी शेजारी बसून, तिच्या तोंडाकडे बघत, जेवत राहिलो.